परसदार मुलांना परत देताना

इंदुरातील रामबाग, नारायणबाग या भागांतील जुन्या मराठी घरांना पुढे ओटा आणि मागे परसदार असे. ओट्याची निगा राहिली. परसदाराच्या वाट्याला मात्र गंजलेली पिंपे, दुरुस्तीतून उरलेल्या विटा आणि गाजरगवत आले. २०१७ पासून सलग अनेक वर्षे आपले शहर स्वच्छतेत देशात पहिले ठरले खरे, परंतु ती पाहणी करणारे कोणाच्या मागील दारी येत नाहीत!

शहर सुधारावयाचे तर पाडापाडीपेक्षा आहे त्या मोकळ्या जागा साफ करून तेथे झाडे लावावीत, असा आग्रह पॅट्रिक गेडेस या स्कॉटिश नगररचनाकाराने येथेच धरला होता. प्लेगाच्या त्या काळात त्याने दिवाळीला मिरवणूक काढविली. जे मोहल्ले अधिक स्वच्छ, त्यांतून ती जाणार, अशी अट घातली आणि अखेरीस प्लेगाच्या प्रतिमेचे दहन केले. होळकर दरबारासाठी लिहिलेला त्याचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला.

आम्हीही आमचे परसदार दिवाळीच्या सफाईतच हाती घेतले. पाऊस सरलेला, जमिनीला वाफसा आलेला. गवत मुळासकट निघते. प्रथम पाणी साचवणारी पिंपे हलविली, कारण डेंग्यूचे डास तेथेच वाढतात. हौदावर पक्के झाकण बसविले. कण्हेर आणि एरंड या दोन्ही विषारी झाडांना रजा दिली. फुले कितीही साजरी असली तरी लहान मूल हाती येईल ते तोंडात घालते.

खरी अडचण माळव्याच्या काळ्या मातीची. पावसात ती पायाला गोळ्यांनी चिकटते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात; अशा जमिनीवर लंगडी कशी खेळावी? घराच्या भिंतीपासून बाहेर उतार देऊन आम्ही मुरूम पसरला, पाणी मारून चोपला. झोपाळ्यासाठी कडुनिंबाची जाड फांदी निवडली. (शेवग्यावर विसंबू नये, ती फांदी ठिसूळ.) खाली वीत-दीड वीत वाळू टाकली आणि मांजरांसाठी रात्री तीवर ताडपत्री घालतो.

निघालेला पाला फेकला नाही. आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी १९३१ च्या पुस्तकात मांडलेली कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली. मग इंदुरातच ती का नसावी? पालापाचोळा, शेण, माती व राख यांचे थर द्यावेत, ओल राखावी, ढीग वेळोवेळी परतावा. सुमारे तीन महिन्यांत खत होते.

मुलांनी लगोरी मांडली. शेजारची मुले तिला सितोलिया म्हणतात, आणि डाव कोणत्या भाषेत मोजायचा यावरून पहिले भांडण झाले. शाळेत हिंदी-इंग्रजी, रस्त्यावर हिंदी. मराठी उरली ती जेवणाच्या पानावरच्या सूचनांपुरती. आजी खुर्ची टाकून परसदारी बसू लागल्यापासून मात्र ‘राज्य कोणावर’, ‘रडीचा डाव’ हे शब्द नातवंडांच्या तोंडी आले, आणि शेजाऱ्यांच्याही. सागरगोट्यांत तर आजी कोणालाच हार जात नाहीत.

विटांच्या ढिगाची मुलांनी स्वतःच बैठक रचली आहे. येत्या आश्विनात भोंडला तेथेच मांडावयाचा, असे घरातील मुलींनी ठरविले आहे. खिरापत कोणती, हे अद्याप गुप्त आहे.