‘पीटर स्कॉट’चा खटला
दुसऱ्याच्या नावलौकिकावर आपला माल खपवणे, याला कायद्याच्या भाषेत ‘पासिंग ऑफ’ म्हणतात. मद्यविक्रीत असे वाद वारंवार होतात. बंगळूरच्या खोडे कंपनीने १९६८ मध्ये ‘पीटर स्कॉट’ व्हिस्की बाजारात आणली. १९७४ मध्ये या नावाची ट्रेडमार्क म्हणून नोंदणी झाली. ‘स्कॉट’ या शब्दामुळे गिऱ्हाइकाला ती स्कॉटलंडची वाटेल, असा आक्षेप घेत स्कॉच व्हिस्की असोसिएशनने १९८६ मध्ये नोंदणी रद्द करण्याची मागणी केली. ट्रेडमार्क निबंधक आणि मद्रास उच्च न्यायालयाने ती मान्य केली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र २००८ मध्ये निकाल फिरवला. नोंदणी ठाऊक असूनही असोसिएशन सुमारे बारा वर्षे गप्प राहिली, हे एक कारण. दुसरे, स्कॉच घेणारा ग्राहक पैशाची आणि मालाची किंमत जाणतो. नुसत्या नावाने तो सहसा फसत नाही.