शरीरातले दुहेरी शिपाई : गॅमा-डेल्टा टी पेशी

दारावरचा पहारेकरी ओळखपत्र पाहूनच निर्णय घेतो. आपल्या रक्तातल्या बहुतेक टी पेशींचे कामही असेच चालते. समोरच्या पेशीने प्रथिनाचा तुकडा ठरावीक साच्यात धरून दाखवला, तरच त्या शत्रू ओळखतात. कर्करोगाच्या कित्येक पेशी हे ओळखपत्रच लपवतात आणि निसटतात.

अशा वेळी एक छोटी तुकडी उपयोगी पडते. या पेशींचा ग्राही गॅमा आणि डेल्टा या दोन साखळ्यांचा असतो, म्हणून त्यांना गॅमा-डेल्टा टी पेशी म्हणतात. १९८०च्या दशकात त्यांचा शोध लागला. रक्तातल्या टी पेशींमध्ये त्या साधारण १ ते ५ टक्केच असतात. त्वचा आणि आतडे अशा सीमेवरच्या ठाण्यांवर मात्र त्यांचे प्रमाण जास्त असते. त्या ओळखपत्र मागत नाहीत, समोरची पेशी संकटात असल्याच्या खुणा पाहतात. कर्करोगाच्या पेशीत कोलेस्टेरॉल बनवण्याच्या वाटेवरचा एक फॉस्फेटयुक्त पदार्थ साचतो, ही त्यातलीच एक खूण. ती दिसताच त्या शत्रूपेशीला भोक पाडणारी व आतून मारणारी प्रथिने सोडतात.

या संशोधनात महाराष्ट्राचाही वाटा आहे. टाटा मेमोरियल सेंटरच्या कर्करोग संशोधन संस्थेत, म्हणजे आजच्या खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये, डॉ. शुभदा चिपळूणकर यांच्या गटाने १९९९ साली दाखवले की, तोंडाच्या कर्करोगाच्या पेशींवरचे ताणाच्या वेळी दिसणारे एक प्रथिन या पेशी ओळखतात. याच गटाने २०१६ साली पित्ताशयाच्या कर्करोगात उलटे चित्र मांडले. तिथे काही गॅमा-डेल्टा पेशी इंटरल्युकिन-१७ हा संदेश सोडतात, त्यामुळे नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि गाठीलाच रसद मिळते. असे रुग्ण कमी काळ जगल्याचे आढळले.

म्हणजे शिपाई तोच, पण त्याला मिळालेला हुकूम वेगळा. जंतूंविरुद्ध उपयोगी पडणारा हाच संदेश विनाकारण चालू राहिला, तर शरीर स्वतःवरच उलटते. सोरायसिसमध्ये त्वचेवर लाल, खवलेदार चट्टे येतात, त्यात इंटरल्युकिन-१७चा मोठा हात असतो. तो सोडणाऱ्या अनेक पेशींपैकी या एक. हा संदेश अडवणारी औषधे आज वापरात आहेत. सोरायसिस संसर्गजन्य नाही. त्यामुळे वसतिगृहात एखाद्या सोबत्याला असे चट्टे असतील, तर त्याच्याशेजारी बसायला, जेवायला मुळीच कचरू नका.

कर्करोगावर उपचार म्हणून या पेशी प्रयोगशाळेत वाढवून रुग्णाला देण्याच्या चाचण्या सुरू आहेत. अडचण हीच, की गाठीच्या आत शिरल्यावर त्यांनी बाजू बदलू नये. ती सुटेपर्यंत त्यांच्यावर विसंबून राहणे बरे नाही. तोंडाच्या कर्करोगामागे आपल्या देशात मुख्यतः तंबाखू आहे. गुटखा, मावा, मिश्री यांपासून दूर राहणे हा आज हाती असलेला सर्वांत खात्रीचा बचाव. पालकांनीही लक्षात ठेवावे : तोंडातली जखम किंवा पांढरा चट्टा दोन-तीन आठवड्यांत बरा झाला नाही, तर डॉक्टरांना दाखवावा. १९५४ साली सुरू झालेली अड्यारची कर्करोग संस्था वेलचेरीपासून जवळच आहे.