माळ्यावरून उतरलेल्या वस्तू : देणे, घेणे आणि नाकारणे

दसरा सरला की घरोघरी शिडी बाहेर निघते. माळ्यावरून पितळी बंब, पाळणा, तीनचाकी सायकल, चालू असूनही नकोसा झालेला मिक्सर, पायाने चालवायचे शिलाई मशीन अशा वस्तू खाली येतात. पूर्वी यातल्या निम्म्या झटकून पुसून परत वर जात. आता घरातले कोणीतरी मोबाइलवर फोटो काढते, कॉलनीच्या ग्रुपवर टाकते आणि खाली लिहिते : ‘मशीन मोफत द्यायचे आहे. सावेडी. स्वतः येऊन न्यावे.’ तासाभरात पाच जणांचे निरोप येतात, ‘मला हवे आहे.’ मशीन एक, मागणारे पाच. द्यायचे कोणाला?

मशीनला किंमत लावली असती तर हा प्रश्न पडला नसता. ज्याने पैसे मोजले त्याची वस्तू झाली असती. किंमत काढून घेतली की देणारा न्यायाधीश होतो आणि मागणाऱ्याला आपली गरज सांगावी लागते. कोणी लिहितो, ‘बायकोला शिवणकाम येते.’ कोणी लिहितो, ‘परिस्थिती बिकट आहे.’ ग्रुपवरचे सगळे ते वाचतात. फुकट वस्तूची ही किंमत असते आणि ती घेणारा मोजतो.

या प्रथेला जगात फार वर्षे झालेली नाहीत. अमेरिकेतल्या अॅरिझोना राज्यात, टुसॉन शहरात, २००३ साली डेरन बील यांनी ‘फ्रीसायकल’ सुरू केले. चांगली वस्तू कचऱ्याच्या खड्ड्यात जाऊ नये हा हेतू, आणि वस्तू पूर्णपणे मोफत असली पाहिजे ही मुख्य अट. २०१३ साली वॉशिंग्टन राज्यातल्या एका बेटावर दोन मैत्रिणींनी ‘बाय नथिंग’ची सुरुवात केली. तिथे पहिल्या मागणाऱ्यालाच वस्तू देण्याची सक्ती नाही. थोडे थांबावे, सगळ्यांचे ऐकावे, मग ठरवावे, असा प्रघात पडला. आपल्याकडे ओएलएक्स आणि क्विकर आले ते जुन्या वस्तू विकण्यासाठी. मोफत देण्याची सवय वाढली ती २०१६नंतर डेटा स्वस्त झाल्यावर, आणि मुख्यतः व्हॉट्सअॅपवर. एका ग्रुपमध्ये २५६ माणसे मावत. २०२२मध्ये ही मर्यादा आधी ५१२ आणि मग १,०२४ झाली. म्हणजे एका ग्रुपमध्ये एक छोटे गाव मावू लागले.

अहिल्यानगरला याची आणखी एक बाजू आहे. चिलखती दलाचे आणि यांत्रिकी पायदळाचे प्रशिक्षण केंद्र इथे असल्याने बदलीवर येणारी-जाणारी कुटुंबे या शहराला नवी नाहीत. बदली झाली की कूलर, कपाट, मुलांची सायकल मागे राहते. याच विश्वासाचा गैरफायदा घेणारे भामटेही निघाले. ‘मी फौजी आहे, आगाऊ रक्कम पाठवतो, हा कोड स्कॅन करा,’ असा फोन देशभर अनेकांना आला आहे. पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरते.

पण जुन्या वस्तूची देवघेव आपण काही मोबाइलवर शिकलो नाही. आपल्याकडे बोहारीण होती. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन ती दारात बसे. जुनी लुगडी, पँटी, शर्ट पुढे ठेवले की ती एकेक कपडा उजेडाकडे धरून विरलेली जागा शोधायची. ‘ताई, हे काठाला गेलंय, यात डबा नाही बसत.’ मग घासाघीस, आणखी एक साडी, शेवटी एखादे पातेले. कपडे पुढे धुऊन, शिवून जुन्या बाजारात जात. या सौद्यात बोहारीण गरीब होती, पण मिंधी नव्हती. फाटका कपडा बाजूला सारण्याचा तिला हक्क होता आणि ती तो रोज बजावत असे.

हा हक्क सगळ्यांना नव्हता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायातला १२५वा श्लोक सेवा करणाऱ्या शूद्राला काय द्यावे ते सांगतो : उष्टे अन्न, जीर्ण वस्त्रे, धान्याचा पाखडलेला कोंडा आणि घरातले जुने सामान. आपल्या माळ्यावरची यादी इतकी जुनी आहे. हे दान घेणाऱ्याने नाकारायचे नसे. मार्च १९२७मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे तुकडे सोडून देण्याचे आवाहन केले, तेव्हा ते ‘नको’ म्हणण्याचा हक्क मागत होते. १९२५ साली फ्रेंच अभ्यासक मार्सेल मोस यांनी भेटवस्तूंवरच्या आपल्या निबंधात दाखवले की देणे, घेणे आणि परत देणे ही तिन्ही एकाच साखळीची बंधने आहेत. ज्याला परत देता येत नाही, तो खाली राहतो. मराठीत त्याला आपण मिंधा म्हणतो.

हे ओळखून काम करणाऱ्या संस्था आहेत. अंशू गुप्ता यांच्या ‘गूंज’ने शहरातले कपडे गावात नेले, पण वाटले नाहीत. गावकरी विहीर, बांध, रस्ता असे आपल्याच गावाचे काम करतात आणि कपडे त्याचा मोबदला म्हणून मिळतात. गुप्ता यांना २०१५मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्या जिल्ह्यात १९८९पासून काम करणारे ‘स्नेहालय’ आहे, शिंगवे नाईकला निराधार मनोरुग्ण स्त्रियांना सांभाळणारे ‘माउली’ आहे. अशा ठिकाणी पोते नेऊन टाकण्याआधी फोन करून ‘काय लागते?’ असे विचारणे, हाही नाकारण्याचा हक्क देण्याचाच प्रकार आहे.

मोबाइलवरच्या जाहिरातीची खरी मर्यादा मात्र वेगळी आहे. आपला माळा रिकामा होतो त्याच दिवसांत पाथर्डी-शेवगावकडची ऊसतोड कुटुंबे घराला कुलूप लावून निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, गोधड्या, धान्य, शेळी आणि मुले. सावेडीच्या ग्रुपमध्ये ती नाहीत. असती तरी पन्नासेक किलोमीटर कपाट नेण्याचे भाडे कपाटापेक्षा जड झाले असते, आणि कोपीत ते ठेवायचे कुठे? ‘स्वतः येऊन न्यावे’ या तीन शब्दांत किती माणसे गळतात, याचा हिशेब देणाऱ्याला दिसत नाही.

म्हणून मशीन कोणाला द्यायचे याआधी ते कसे द्यायचे हे ठरवावे. दोष आधी लिहावा : पट्टा तुटलेला आहे, चाक जड फिरते. संध्याकाळपर्यंत थांबावे, म्हणजे दिवसभर कामावर असणाऱ्यालाही निरोप देता येईल. गरज ग्रुपवर विचारू नये, खासगीत बोलावे. शक्य असेल तर पोचवण्याची सोय आपणच करावी. घेणाऱ्याचा फोटो काढू नये. आणि तो आला की मशीन उजेडात ठेवून त्याला चालवून पाहू द्यावे. त्याने पायटा दोनदा हलवून ‘राहू द्या, आमच्या कामाचं नाही’ म्हटले, तर वाईट वाटून घेऊ नये. आपल्या आजीच्या ओट्यावर बसून बोहारणीने हेच केले होते, आणि आजीने दुसरी साडी आणायला आत पाऊल टाकले होते.