आधी ‘ए’ की आधी ‘१’?

इंग्रजी कॅपिटल ‘ए’ आणि ‘१’ यांना क्रमानं लावायचं झालं, तर आधी कोण? लिनक्स सर्व्हर म्हणेल, १. आयबीएमचा मेनफ्रेम म्हणेल, ए. दोघंही आपापल्या जागी बरोबर. पण रात्रीची कामं मेनफ्रेमवरून छोट्या सर्व्हरवर हलवणाऱ्यांची झोप उडवायला एवढा मतभेद पुरतो.

ही कामं म्हणजे बॅच जॉब. दिवसभराचे व्यवहार गोळा करायचे, रात्री ते खात्यांवर चढवायचे, व्याज लावायचं, पत्रकं काढायची. यांतले कितीतरी प्रोग्राम कोबोल या भाषेत आहेत आणि कोबोल लिनक्सवरही चालतं. मग अडतं कुठे? प्रोग्रामच्या अवतीभवती.

मेनफ्रेमची अक्षरं साठवण्याची पद्धत एब्सिडिक. १९६४ साली जाहीर झालेल्या सिस्टम/३६० सोबत ती रुळली आणि तिची मांडणी पंचकार्डावरच्या भोकांवरून आली. तिच्यात ‘ए’चा क्रमांक १९३, शून्याचा २४०. लिनक्सवरच्या आस्कीत ‘ए’ ६५ वर, तर शून्य ४८ वर. क्रमच उलटा! आता बॅचचं जुनं तंत्र बघा. खात्यांची आणि व्यवहारांची अशा दोन फायली क्रमानं लावून बरोबरीनं वाचत जायच्या. एक फाईल जुन्या क्रमानं आणि दुसरी नव्या क्रमानं लागली, तर फायलीत असलेलं खातं अस्तित्वातच नाही, असा निष्कर्ष प्रोग्राम काढू शकतो.

मग सगळा डेटा सरळ आस्कीत बदलून घ्यावा? जपून. कोबोलमधल्या रकमा अनेकदा ‘पॅक्ड’ असतात, म्हणजे एका बाइटमध्ये दोन अंक. त्यात ४ आणि ० जोडीनं आले की तो बाइट हुबेहूब एब्सिडिकमधल्या ‘स्पेस’सारखा दिसतो. बदल करणारं साधन इमानेइतबारे त्याची आस्कीतली ‘स्पेस’ करतं आणि तिच्या बाइटमध्ये असतात २ आणि ०. रकमेतल्या चाळीसचे वीस झाले! म्हणून फाईल सरसकट बदलत नाहीत. कॉपीबुक, म्हणजे कुठला रकाना कसा साठवलाय याचं कोबोलमधलं वर्णन, समोर ठेवून एकेक रकाना ओळखून बदलतात.

सगळ्यांत गंमत मेनफ्रेमवरच्या ‘आयईएफबीआर१४’ नावाच्या प्रोग्रामची. तो काहीच करत नाही, सुरू होतो आणि परत फिरतो. सुरुवातीला त्यात एकच सूचना होती आणि तरीही त्यात चूक निघाली. ‘सगळं ठीक’ सांगणारा शून्य परत द्यायचा राहिला होता! मग दुसरी सूचना घालावी लागली. असला प्रोग्राम हवा कशाला? कारण मेनफ्रेमवर फाईल तयार करणं किंवा पुसणं जेसीएलच्या, म्हणजे जॉब कसा चालवायचा ते सांगणाऱ्या भाषेच्या, ओळींवर सोपवता येतं; फक्त त्या ओळी अमलात येण्यासाठी कुठला तरी प्रोग्राम चालवावा लागतो. नव्या घरी नुसता प्रोग्राम नेला तर हाती काहीच लागत नाही, खरं काम त्या ओळींत मागेच राहतं.

म्हणून या धंद्यातले अनुभवी लोक ‘पॅरलल रन’चा आग्रह धरतात. तोच डेटा जुन्या आणि नव्या यंत्रावर चालवायचा आणि निकाल ओळ न् ओळ ताडून बघायचे. त्यात महिनाअखेर हवीच, जमलं तर वर्षअखेरही, कारण काही जॉब वर्षातून एकदाच चालतात. तेही जुळल्याशिवाय मेनफ्रेमचं बटण बंद करू नये.