गाठ काढली म्हणून आयुष्य वाढतं का?

स्तनाच्या कर्करोगाचं निदान होतं तेव्हाच तो हाडांत, यकृतात किंवा फुप्फुसांत पोहोचलेला असेल, तर डॉक्टर त्याला चौथी स्टेज म्हणतात. या टप्प्यावर आजार समूळ जाईल अशी आशा क्वचितच धरता येते. तो आटोक्यात ठेवणं, आयुष्य लांबवणं आणि ते सुसह्य करणं यासाठी उपचार असतात, आणि त्यांची मदार सगळ्या शरीरात पोहोचणाऱ्या औषधांवर असते. पण छातीतली मूळ गाठ तिथेच असते, हाताला लागते, आणि घरातले सगळे एकच विचारतात: ही काढून का टाकत नाही? आजार जिथून निघाला ते ठिकाणच नाहीसं केलं तर पुढचं पसरणं थांबेल, असं कुणालाही वाटेल. अनेक डॉक्टरांनाही तसंच वाटत होतं, आणि त्यांच्याकडे त्यासाठी आकडे होते. ते आकडे खोटे नव्हते, तरीही त्यांतून काढलेला निष्कर्ष टिकला नाही. असं का झालं, ते आज पाहायचं आहे. माझ्या मते कर्करोगाच्या उपचारांबद्दलची कुठलीही बातमी वाचताना एवढी एक गोष्ट कळली, तरी पुष्कळ फसगत टळेल.

गेल्या आठवड्यात आपण पाहिलं की हॅल्स्टेड यांच्या काळापासून छातीच्या स्नायूंसकट सगळा स्तन काढण्याची रीत पाऊणशे वर्षं चालली, आणि पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर व मिलानचे उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी चिठ्ठी टाकून केलेल्या चाचण्यांनी ती मोडली. त्या चाचण्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या आजाराच्या होत्या. चौथ्या स्टेजमध्ये मात्र उलट घडत गेलं. तिथे शस्त्रक्रियेचा उपयोग नाही असं पूर्वी धरून चालत, आणि २००२ मध्ये अमेरिकेतल्या सीमा खान व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या राष्ट्रीय कर्करोग नोंदींमधून निराळं चित्र पुढे आणलं. चौथ्या स्टेजच्या १६,०२३ स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणींची गाठ काढलेली होती, आणि ज्यांची गाठ पूर्णपणे निघाली होती त्या इतरांपेक्षा जास्त जगल्या होत्या. पुढच्या काही वर्षांत निरनिराळ्या देशांतल्या नोंदींतून जवळपास हेच निघालं. सोळा हजार स्त्रियांचा अनुभव, आणि तोही एकाच दिशेने बोट दाखवणारा. शंका घ्यायला जागा कुठे उरते?

जागा आहे ती गाठ काढण्यासाठी कुणाची निवड झाली, या प्रश्नात. शस्त्रक्रिया करावी असं सर्जनला वाटतं ते वयाने लहान, अंगात ताकद असलेल्या, पसरलेला आजार कमी असलेल्या आणि औषधाने गाठ आक्रसलेल्या स्त्रीच्या बाबतीत. यकृत भरून गेलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या स्त्रीला तो टेबलावर घेत नाही. पायी वारी पूर्ण केलेले म्हातारे घरी राहिलेल्यांपेक्षा जास्त वर्षं जगले असं दिसलं, तर त्याचं श्रेय चालण्याला देण्याआधी चालू शकणारेच निघाले होते हे ध्यानात घ्यावं लागतं. इथेही तेच आहे. शिवाय शस्त्रक्रिया बहुधा निदानानंतर काही महिन्यांनी होते, म्हणजे तोवर जिवंत राहिलेल्या स्त्रियाच ‘शस्त्रक्रिया झालेल्या’ गटात मोजल्या जातात. ज्या आधीच दगावल्या त्या आपोआप दुसऱ्या गटात जमा होतात. आणखी एक प्रकार फार कमी लोकांच्या लक्षात येतो. काही स्त्रियांची गाठ सुरुवातीचा आजार समजून काढली जाते आणि नंतरच्या स्कॅनमध्ये हाडात बारीकसा डाग सापडतो. नोंदीत त्या चौथ्या स्टेजच्या आणि शस्त्रक्रिया झालेल्या अशा लागतात, पण त्यांचा आजार मुळातच थोडा असतो. नोंदी सोळा हजारांच्या असोत की सोळा लाखांच्या, हा कल त्यांत तसाच राहतो. संख्या वाढली की योगायोगाची शंका कमी होते; निवडीतला पक्षपात तिने कमी होत नाही.

याच चुकीची जबर किंमत स्तनाच्या कर्करोगात एकदा मोजून झाली होती. १९९० च्या दशकात अमेरिकेत केमोथेरपीचा अतिप्रचंड डोस देऊन नंतर अस्थिमज्जेतल्या किंवा रक्तातल्या मूलपेशी परत सोडण्याचा उपचार हजारो स्त्रियांना दिला गेला. निवडून घेतलेल्या रुग्णांचे निकाल जुन्या नोंदींपेक्षा चांगले दिसत होते, आणि विमा कंपन्यांनी खर्च नाकारला तर लोक कोर्टात जात होते. चिठ्ठी टाकून केलेल्या चाचण्यांसाठी रुग्ण मिळेनात, कारण चिठ्ठीत साधा उपचार निघाला तर, या भीतीने कुणी त्यांत यायला तयार नव्हतं. अखेर १९९९ मध्ये निकाल आले तेव्हा मोठा फायदा दाखवणारी चाचणी मुख्यतः दक्षिण आफ्रिकेतल्या वर्नर बेझवोडा यांची होती, आणि पुढच्याच वर्षी तिच्यातली लबाडी तपासणीत उघड झाली. बाकीच्या चाचण्यांत आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. ज्या स्त्रिया त्या उपचाराच्या त्रासाने दगावल्या, त्यांच्या घरच्यांना कुणी काय सांगायचं?

म्हणून मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये जे सुरू केलं त्याचं मोल मला फार वाटतं. निदानाच्या वेळीच चौथी स्टेज असलेल्या आणि केमोथेरपीला प्रतिसाद दिलेल्या स्त्रिया त्यांनी निवडल्या, म्हणजे ज्यांच्या बाबतीत शस्त्रक्रियेची आशा धरावी अशाच. आजार कुठे आणि किती पसरला आहे, हार्मोनचे रिसेप्टर आहेत की नाहीत, यांचं प्रमाण दोन्ही गटांत सारखं राहील याची काळजी घेतली आणि मग कुणाची गाठ काढायची हे चिठ्ठीवर सोडलं. २०१३ च्या जानेवारीपर्यंत ३५० स्त्रिया चाचणीत आल्या. १७३ जणींना शस्त्रक्रिया आणि रेडिएशन मिळालं, १७७ जणींना ते दिलं नाही. त्यांच्यातल्या काहींची गाठ फुटली किंवा त्रास देऊ लागली तेव्हा मात्र तेवढ्यापुरती शस्त्रक्रिया झाली. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त निकाल छापून आला. दोन वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण शस्त्रक्रियेच्या गटात ४१.९ टक्के, दुसऱ्यात ४३ टक्के. मध्यावरचं आयुर्मान १९.२ महिने आणि २०.५ महिने. नोंदींमध्ये ठळक दिसणारा फायदा चिठ्ठी टाकताच विरून गेला.

याच निकालात आणखी एक आकडा होता, आणि तो जपून वाचायला हवा. शस्त्रक्रियेच्या गटात छातीतला आजार साहजिकच खूप कमी वेळा परतला, पण दूरच्या अवयवांतला आजार थोडा लवकर वाढलेला दिसला. मूळ गाठ काढल्यावर इतरत्र दडलेल्या पेशींची वाढ वेग घेते, असं फिशर यांच्या प्रयोगशाळेत उंदरांत पूर्वी दिसलं होतं, त्याच्याशी हे जुळतं. आपल्याकडे मात्र ‘चाकू लागला की कॅन्सर पसरतो’ ही समजूत घरोघरी आहे, आणि तिच्यापायी पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातल्या, पूर्ण बऱ्या होऊ शकणाऱ्या स्त्रिया काढ्यांमध्ये आणि लेपांमध्ये महिने घालवतात. त्या समजुतीला या चाचणीतून काडीचाही आधार मिळत नाही. दूर न पसरलेल्या आजारात शस्त्रक्रिया हा बरं होण्याचा पाया आहे, यात वाद नाही. ही चाचणी फक्त आधीच दूर पसरलेल्या आजाराबद्दल बोलते, आणि तिथेही गाठ काढल्याने एकूण आयुष्य कमी झालं असं तिने दाखवलेलं नाही.

आता आक्षेपांकडे. पहिला नैतिक आहे: एखाद्या स्त्रीचा उपचार चिठ्ठीवर कसा सोपवायचा? कोणता उपचार बरा हे माहीत असताना तसं करणं अन्यायच ठरेल. इथे ते कुणालाच माहीत नव्हतं. उत्तर माहीत नसताना प्रत्येक सर्जनने स्वतःच्या अंदाजाने कापत राहणं हाही प्रयोगच आहे, फक्त त्याची नोंद होत नाही, संमती विचारली जात नाही आणि त्यातून पुढच्या रुग्णासाठी काही शिकता येत नाही. दोन्हींतला प्रामाणिक प्रयोग कोणता, याबद्दल माझ्या मनात संदेह नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तुर्कस्तानात २००७ पासून झालेल्या २७४ स्त्रियांच्या चाचणीत तीन वर्षांनी फरक नव्हता, पण पाच वर्षांनी शस्त्रक्रियेच्या गटातल्या ४१.६ टक्के आणि दुसऱ्या गटातल्या २४.४ टक्के स्त्रिया हयात होत्या. हा फरक मोठा आहे. झटकून टाकण्याजोगा नाही. पण तिथे चिठ्ठी पडूनही गट सारखे झाले नाहीत: शस्त्रक्रियेच्या गटात हार्मोनला प्रतिसाद देणारे, सौम्य चालीचे आजार जास्त होते, ट्रिपल निगेटिव्ह कमी होते आणि हाडात एकाच ठिकाणी आजार असलेल्या स्त्रियाही अधिक होत्या. लहान चाचणीत असं होऊ शकतं, आणि म्हणूनच एका चाचणीवर थांबता येत नाही. त्यानंतर अमेरिकेतला निकाल आला. आधी काही महिने औषधं देऊन आजार वाढला नाही अशा २५६ स्त्रियांमध्ये चिठ्ठी टाकली गेली. तीन वर्षांनी एका गटात ६८.४ टक्के, दुसऱ्यात ६७.९ टक्के हयात. या चाचणीच्या प्रमुख होत्या सीमा खान. सोळा हजार नोंदींवरून शस्त्रक्रियेची आशा ज्यांनी जागवली, त्यांनीच ती कठोर कसोटीला लावली आणि ती टिकली नाही हे जगासमोर मांडलं. संशोधनात याहून मोठं धैर्य मला ठाऊक नाही.

तिसरा आक्षेप मुंबईच्या चाचणीवर थेट आहे. हर-टू पॉझिटिव्ह आजार असलेल्या तिथल्या बहुतेक स्त्रियांना त्यावरची नेमकी औषधं मिळाली नव्हती, कारण तेव्हा ती परवडण्यापलीकडची होती. दूरचा आजार औषधांनी नीट काबूत राहिला तर मूळ गाठ काढण्याचं महत्त्व वाढेल, असा हा तर्क आहे. तो विचारात घेण्यासारखा आहे. पण अमेरिकेतल्या स्त्रियांना चांगली औषधं मिळाली होती, त्या खूप जास्त जगल्या, आणि तरीही गाठ काढण्याने फरक पडला नाही. एखाद-दुसऱ्या जागीच आजार असलेल्या स्त्रियांचा प्रश्न मी मिटलेला मानत नाही. पण तो मिटवायलाही पुन्हा चिठ्ठीच लागेल.

उरतो मनाचा प्रश्न. गाठ अंगात आहे ही जाणीव झोप उडवते, आणि ती काढल्याने जिवाला स्वस्थता मिळेल असं वाटतं. अमेरिकेच्या चाचणीत स्त्रियांना त्यांचं जगणं कसं चाललं आहे हेही वेळोवेळी विचारलं होतं. शस्त्रक्रिया झालेल्या जणींना अधिक बरं वाटत होतं असं आढळलं नाही; दीड वर्षाच्या टप्प्यावर तर त्यांची उत्तरं थोडी वाईटच होती. गाठ फुटून वाहू लागली, दुर्गंधी सुटली, वेदना थांबेनात, तर ती जरूर काढावी, आणि कशासाठी काढतो आहोत ते त्या स्त्रीला स्पष्ट सांगावं. आयुष्य वाढेल म्हणून शेतीचा तुकडा विकून शस्त्रक्रिया करवून घ्यायला निघालेल्या कुटुंबाला मात्र हे आकडे आधी सांगायला हवेत. तोच पैसा हार्मोनच्या गोळ्या आणि केमोथेरपी न खंडता चालू ठेवायला कितीतरी अधिक कामी येतो.

शस्त्रक्रियेच्या क्षणी शरीरात काय घडतं, या प्रश्नाचा माग टाटाच्या गटाने पुढे सुरुवातीच्या टप्प्यातल्या आजारातही काढला. देशातल्या अकरा केंद्रांत १,६०० स्त्रियांपैकी निम्म्यांना गाठ काढण्याच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती लिडोकेनचं, म्हणजे साध्या भुलीच्या औषधाचं, इंजेक्शन दिलं. पाच वर्षांनी त्यांच्यातल्या ९०.१ टक्के हयात होत्या, इंजेक्शन न दिलेल्यांतल्या ८६.४ टक्के. २०२३ मध्ये छापून आलेल्या या निकालावर जगभरातून उत्साहही उमटला आणि शंकाही. त्या शंकांत किती तथ्य आहे, ते पुढच्या आठवड्यात.