भोंगा, मशीन आणि ओहमचा हिशेब

जिवती तालुका माणिकगडच्या पहाडावर पसरलेला आहे. गाव एका टेकाडावर, गुडा (आदिवासी वस्ती) दुसऱ्यावर, मध्ये ओढा आणि शेतं. मराठवाड्यातून येऊन इथे स्थिरावलेल्या कुटुंबांचा हरिनाम सप्ताह असो, खंजिरी भजन असो की दिवाळीतली दंडार, आवाज पलीकडच्या वस्तीपर्यंत न्यायचा असतो. आवाज पोचतोही, पोचत नाहीत ते शब्द. कीर्तनकाराचं निरूपण फरफरत, फाटत जातं आणि लांब बसून ऐकणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना त्यातलं काही कळत नाही. मग भोंग्याला दोष दिला जातो, नाहीतर मशीनला, म्हणजे ॲम्प्लिफायरला. बहुतेक वेळा दोन्ही धडधाकट असतात, चुकलेली असते त्यांची जोडणी.

भोंग्याच्या युनिटवर, म्हणजे आवाज काढणाऱ्या भागावर, ओहमचा आकडा असतो, बऱ्याचदा १६. मशीनच्या मागे ४, ८, १६ ओहम आणि १०० व्होल्ट अशी टर्मिनलं असतात. ‘ओहम जास्त म्हणजे माल भारी’ हा समज इथपासूनच सुरू होतो. हेडफोन घेणाऱ्या पोरांमध्येही तो पक्का आहे: ३०० ओहमचा हेडफोन म्हणजे ३२ ओहमवाल्यापेक्षा सरस. ओहमचा आकडा दर्जाबद्दल काहीच सांगत नाही. ठरावीक व्होल्टला तो भोंगा किंवा हेडफोन, म्हणजे मशीनवरचा भार, किती करंट ओढणार, एवढंच त्यातून कळतं. ओहम कमी तर करंट जास्त, ओहम जास्त तर करंट कमी. पण तेवढीच ताकद पोचवायला व्होल्ट मात्र जास्त लागतात.

एवढं लक्षात घेतलं की ‘भोंगे वाढवा, आवाज वाढेल’ हे का फसतं ते दिसतं. १६ ओहमचे दोन युनिट समांतर जोडले की भार ८ ओहम होतो, चार जोडले की ४. कुणीतरी आणखी दोन आणतं, तेही त्याच वायरीत पिळून टाकतं आणि भार २.६७ ओहमवर येतो. ४ ओहमच्या टर्मिनलला हा भार झेपत नाही. मशीन तापतं, आवाज फाटतो, फ्यूज उडतो. लोक जाड तार टाकून फ्यूज ‘पक्का’ करतात आणि मग मशीनच जातं.

पहाडी गावांत याहून मोठं नुकसान वायर करते, आणि तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. देवळापासून २०० मीटरवर भोंगा बांधला तर जाऊन-येऊन ४०० मीटर तांबं होतं. १ चौरस मिलिमीटरच्या तारेत त्याचा विरोध सुमारे ७ ओहम भरतो. पुढचा भार ८ ओहमचा असेल तर मशीनचे जवळपास अर्धे व्होल्ट वाटेतच संपतात, आणि वायर आखूड असती तर भोंग्याला जी ताकद मिळाली असती तिच्या जेमतेम २८ टक्के उरते. मोठं मशीन आणून हा तोटा भरून काढणं म्हणजे पैसे वायरीत जाळणं.

यावरचा उपाय त्याच मशीनच्या मागे असतो: १०० व्होल्टचं टर्मिनल. त्यासाठी प्रत्येक भोंग्याजवळ लाइन ट्रान्सफॉर्मर लागतो. ट्रान्सफॉर्मरच्या १५ वॅटच्या टॅपवर (जोडटोकावर) लावलेला भोंगा लाइनला साधारण ६६७ ओहमचा दिसतो. वायरीचे तेच ७ ओहम त्यापुढे नगण्य ठरतात, तोटा व्होल्टच्या एक टक्क्याच्या आसपास राहतो. रेल्वे स्थानकांवरच्या घोषणा याच पद्धतीने लांबच लांब फलाटभर पोचवता येतात. इथे ओहमची बेरीज-वजाबाकीही लागत नाही. सगळ्या टॅपचे वॅट मिळवायचे आणि बेरीज मशीनच्या वॅटच्या आत ठेवायची. ६० वॅटच्या मशीनवर १५ वॅटचे चार भोंगे बसतात, थोडी मोकळीक हवी असेल तर तीनच लावावेत. मला विचाराल तर पहाडावरच्या प्रत्येक सप्ताहाची जोडणी अशीच असावी.

मात्र ट्रान्सफॉर्मर नसलेला १६ ओहमचा युनिट १०० व्होल्टच्या लाइनला कधीच लावू नये. मशीनमध्ये तेवढा दम असेल तर तो युनिट ६२५ वॅट ओढू पाहील. त्याची कॉइल जळेल आणि मशीनही धोक्यात येईल. ही लाइन उघडी ठेवली तर हाताला झटकाही बसतो. ओल्या मांडवात सांधे नीट झाकलेच पाहिजेत.

‘जास्त वॅट म्हणजे जास्त लांब आवाज’ हा समज खर्चात पाडतो. वॅट दुप्पट केले की ३ डेसिबल वाढतात. कानाला तो फरक थोडासाच जाणवतो. आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट ताकद लागते. उलट मोकळ्या जागी अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात. म्हणून देवळावरचा भोंगा फुल करण्यापेक्षा पलीकडच्या वस्तीत एक छोटा भोंगा हळू वाजवणं कधीही चांगलं. फुल केल्यावर होतं काय, तर मशीन देऊ शकतं त्याहून जास्त व्होल्ट आपण मागतो आणि लहरीचे माथे कापले जातात. तोच फाटका आवाज. युनिटसाठीही तो वाईट, कारण कापलेली लहर जास्त उष्णता करते. त्यात बेसचं बटण चढवलेलं असेल तर भोंग्याला न पेलणारे खालचे सूर युनिटचा पडदा नुसते हलवत राहतात आणि पडदा फाटू शकतो. शब्द कळायला बेस लागत नाही. भोंग्यावर तो कमीच ठेवावा.

जुने माईकवाले सांगतात, भोंगा काढून मशीन चालू ठेवलं तर मशीन जळतं. व्हॉल्व्हच्या मशीनसाठी ते खरं होतं. भार नसताना जोरात चालवलं तर त्यांच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरला धोका असे. आजच्या ट्रान्झिस्टर मशीनला खरी भीती शॉर्टची, म्हणजे वायरीची दोन टोकं चिकटण्याची.

आता हेडफोनकडे येऊ, कारण दंडारीचं किंवा आजीच्या गोंडी गाण्याचं रेकॉर्डिंग करणारी मुलं ते हेडफोनवरच तपासतात. तिथला मोठा गैरसमज असा की मशीनचे ओहम आणि हेडफोनचे ओहम सारखे हवेत. तसं नाही. मशीनचा आतला विरोध हेडफोनच्या एक-अष्टमांशाहून कमी असला की पुरे. ३२ ओहमचा हेडफोन १२० ओहम विरोधाच्या जॅकला लावला तर सुरांचा तोल बदलू शकतो. ३०० ओहमच्या हेडफोनला त्याचा त्रास कमी होतो.

दुसरा समज: हाय-इम्पिडन्स, म्हणजे जास्त ओहमचे, हेडफोन मोबाइलवर वाजतच नाहीत. वाजतात, पण मर्यादेत. बायरडायनॅमिक डीटी ९९० प्रोचं २५० ओहमचं मॉडेल घ्या. ते १ मिलिवॅटला ९६ डेसिबल देतं, आणि त्यासाठी अर्धा व्होल्ट लागतो. तेवढ्याच संवेदनशीलतेच्या ३२ ओहमच्या हेडफोनला ०.१८ व्होल्ट पुरतात. मोबाइलच्या जॅकमधून सहसा अर्धा ते एक व्होल्ट निघतो, त्यामुळे फिल्मी गाणं मोठ्याने ऐकू येतं. पण मैदानात केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये ढोलाचा ठोका वर आणि गाणाऱ्या बायांचे आवाज २० डेसिबल खाली असले, तर अर्ध्या व्होल्टवर ते ७६ डेसिबलच्या आसपास राहतात. बारीक दोष हेरायला तेवढं पुरत नाही. ॲपने आवाज फुगवला तर ढोलाचे माथे कापले जातात. इथे दोन-तीन व्होल्ट देणारा छोटा हेडफोन ॲम्प्लिफायर हवा. २५० ओहमवर ३ व्होल्ट म्हणजे ३६ मिलिवॅट, म्हणजे वॅटचा मोठा आकडा इथे निरुपयोगी. भोंग्याच्या मशीनच्या टर्मिनलला हेडफोन थेट लावू नये. त्यात हेडफोनही जाईल आणि कानही.

शेवटी मल्टिमीटरबद्दल. १६ ओहमचा युनिट मीटरवर १२-१३ दाखवतो आणि चांगला युनिट खराब म्हणून फेकला जातो. मीटर तारेचा डीसी विरोध मोजतो. छापलेला आकडा इम्पिडन्सचा, म्हणजे आवाजाच्या बदलत्या लहरीला होणाऱ्या विरोधाचा, आणि तो सुरागणिक बदलतो. सेनहायझर एचडी ६५० वर ३०० ओहम लिहिलेलं असलं तरी खालच्या सुरांत ते ५०० च्या आसपास जातं. लाइन ट्रान्सफॉर्मर तर मीटरवर छापील हिशेबापेक्षा फारच कमी ओहम दाखवतो, आणि माणूस त्याला शॉर्ट समजतो. आकडा कमी आला म्हणून माल टाकू नका. मीटर काहीच दाखवत नसेल, म्हणजे सर्किट तुटलेलं असेल, तेव्हाच युनिट उघडा.