इंग्रजीतले ‘माझे-तुझे’ आणि सीमाभागातले आपण

बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे पालक मुलाचे नाव मराठी शाळेतून काढताना एकच कारण सांगतात : ‘इंग्रजी कच्चे राहील.’ या कारणाला अस्मितेच्या भाषणाने उत्तर मिळत नाही. भाषण ऐकून पालक गप्प बसतो, पण त्याला ते पटलेले नसते. म्हणून आज आम्ही भाषण बाजूला ठेवून इंग्रजी व्याकरणातला एकच लहान विषय घेतो. तो म्हणजे स्वामित्वदर्शक सर्वनामे. साध्या शब्दांत, इंग्रजीतले माझे, तुझे, त्याचे, आमचे. मराठीच्या पायावर इंग्रजी चांगले उभे राहते की नाही, हे वाचकांनी यावरून ठरवावे.

मराठीत ‘हे माझे पुस्तक’ आणि ‘हे पुस्तक माझे’ या दोन्ही ठिकाणी ‘माझे’ हाच शब्द चालतो. इंग्रजीत मात्र दोन वेगळे संच आहेत. नामाच्या आधी यायचे ते ‘माय, युवर, हर, अवर, देअर’; आणि नाम गाळून एकट्याने उभे राहायचे ते ‘माइन, युवर्स, हर्स, अवर्स, देअर्स’. ‘हिज’ तेवढा दोन्हीकडे चालतो. हा भेद न सांगितल्यामुळे मूल ‘धिस बुक इज माय’ असे लिहून मोकळे होते.

आता गंमत पाहा. आपल्या शेजारच्या कन्नडमध्ये हा भेद आहे. नामाआधी ‘नन्न’, एकटे आले की ‘नन्नदु’. शिवाय मराठीत माझा मुलगा, माझी मुलगी, माझे पुस्तक असे वस्तूप्रमाणे रूप बदलते. कन्नडमध्ये तिन्ही ठिकाणी ‘नन्न’ आणि इंग्रजीत तिन्ही ठिकाणी ‘माय’. गल्लीत कन्नड मुलांबरोबर खेळणाऱ्या आपल्या पोराला ही गोष्ट न शिकवता येत असते. उलट ‘हिज’ आणि ‘हर’ यांतला फरक त्याला मराठीच्या ‘त्याचा’ आणि ‘तिचा’ यांवरून लगेच कळतो. सीमाभागातल्या मुलाजवळ दोन भाषांची शिदोरी आहे. शिक्षकाने ती उघडायला लावली, की एका तासात काम होते.

दोन चुका मात्र थेट मराठीतून इंग्रजीत उतरतात. ‘माझा एक मित्र’ याचे मुले ‘माय वन फ्रेंड’ करतात. तेथे ‘अ फ्रेंड ऑफ माइन’ किंवा ‘वन ऑफ माय फ्रेंड्स’ असे पाहिजे. दुसरी चूक म्हणजे सर्वनाम गाळण्याची. आपण ‘हात धुतले’, ‘आई म्हणाली’ एवढेच म्हणतो. कुणाचे हात, कुणाची आई, हे सांगावे लागत नाही. इंग्रजीला ते सांगावेच लागते : ‘आय वॉश्ड माय हँड्स’, ‘माय मदर सेड’. इंग्रजी या बाबतीत हिशेबी आहे; प्रत्येक हातावर मालकाचे नाव घालते.

‘इट्स’ या शब्दाने तर खुद्द इंग्रजांना घाम फोडला आहे. ‘त्याचे’ या अर्थी तो अपॉस्ट्रॉफीशिवाय लिहायचा आणि ‘इट इज’ याचे लघुरूप असेल तर अपॉस्ट्रॉफी द्यायची. हा शब्द तसा नवाच आहे. १६११ साली इंग्लंडात छापलेल्या प्रसिद्ध बायबलच्या मूळ आवृत्तीत तो सापडत नाही. त्या काळापर्यंत निर्जीव वस्तूलाही ‘हिज’ लावण्याची चाल होती. पुढे ‘इट्स’ रूढ झाला, पण बराच काळ त्यावरही अपॉस्ट्रॉफी देत असत. आजचा नियम एका वाक्यात सांगता येतो : स्वामित्वदर्शक सर्वनामाला अपॉस्ट्रॉफी कधीही लागत नाही. ‘युवर्स’, ‘हर्स’, ‘देअर्स’ यांनाही नाही.

बोलण्यातले इंग्रजी आणि कागदावरचे इंग्रजी यांतही फरक आहे. ‘प्रत्येकाने आपले पुस्तक आणावे’ यातले ‘आपले’ मुलाला चालते, मुलीला चालते. इंग्रजीत ही सोय नाही. बोलताना लोक शतकानुशतके ‘एव्हरीवन’च्या मागे ‘देअर’ लावत आले. व्याकरणकार म्हणत, एकवचनाला ‘हिज’च पाहिजे. १८५० मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने कायद्यातल्या पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश मानावा असे ठरवले. तेच तत्त्व आपल्याकडे १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम १३ मध्ये आहे. म्हणून संविधानाच्या इंग्रजी मजकुरात राष्ट्रपतींच्या पदाबद्दल ‘हिज’ असे असूनही २००७ मध्ये प्रतिभाताई पाटील आणि २०२२ मध्ये द्रौपदी मुर्मू त्या पदावर येण्यास काही अडले नाही. आता वारे फिरले आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये आपल्या लेखनपद्धतीच्या सातव्या आवृत्तीत एकवचनी ‘देअर’ला मान्यता दिली. तरी परीक्षेच्या पेपरात मुलांनी वाक्यच अनेकवचनी करावे : ‘ऑल स्टुडंट्स शुड ब्रिंग देअर बुक्स’. यावर कोणताही परीक्षक बोट ठेवणार नाही.

पत्राच्या शेवटी येणारे ‘युवर्स’ हेही याच घराण्यातले. ब्रिटिश रिवाजाप्रमाणे ‘डिअर सर’ने सुरुवात केली असेल तर शेवटी ‘युवर्स फेथफुली’ आणि नावाने सुरुवात केली असेल तर ‘युवर्स सिन्सिअरली’. आपण अर्जाखाली लिहितो ते ‘आपला विश्वासू’ हे त्याच ‘फेथफुली’चे मराठी रूप. ‘कळावे, लोभ असावा’ ही आपली जुनी घरची रीत. ‘युवर गुडसेल्फ’ हा कचेरीतला जुनाट शब्द मात्र आता सोडून द्यावा.

आता आमच्या कार्यकर्त्यांच्या रोजच्या कामाकडे येतो. मराठीत ‘आपले’ आणि ‘आमचे’ हे दोन वेगळे शब्द आहेत. ऐकणारा आत असेल तर ‘आपले’, बाहेर असेल तर ‘आमचे’. हा भेद तेलुगू आणि तमिळमध्ये आहे, गुजरातीतही आहे. मराठीला तो द्राविडी शेजारामुळे मिळाला असावा, असे भाषेचे अभ्यासक मानतात. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द : ‘अवर’. कचेरीत दिलेल्या इंग्रजी निवेदनात ‘अवर लँग्वेज’ असे लिहिले, तर वाचणाऱ्या कन्नड अधिकाऱ्याने त्यात स्वतःला धरायचे की नाही? पुढच्याच ओळीत ‘देअर लँग्वेज’ आले, की ते कुणाचे? अशा ढिल्या सर्वनामांनी चांगली मागणी अडकते. आमचा सल्ला असा की इंग्रजी निवेदनात सर्वनाम कमी आणि नाम जास्त ठेवावे. ‘मराठी भाषा’, ‘या गावातील मराठी भाषिक विद्यार्थी’, असे पहिल्या उल्लेखात स्पष्ट लिहावे आणि मगच ‘देअर’ वापरावे.

सर्वनामाला एवढे महत्त्व कशाला, असे कुणी विचारील. त्यांनी संविधान उघडावे. अनुच्छेद २९ मध्ये ज्या नागरिकगटाला स्वतःची वेगळी भाषा, लिपी किंवा संस्कृती असेल त्याला ती जतन करण्याचा हक्क दिला आहे. तेथले इंग्रजी शब्द आहेत ‘ऑफ इट्स ओन’. अनुच्छेद ३० मध्ये अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क आहे. तेथे ‘ऑफ देअर चॉइस’ आहे. ‘इट्स’ आणि ‘देअर’ एवढ्या दोन शब्दांवर देशातल्या किती शाळांचा हक्क उभा आहे! १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद ३५० क मध्ये भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असे म्हटले आहे. मुलाची मातृभाषा कोणती, हे कोण ठरवणार? कर्नाटकाच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१४ मध्ये सांगितले, की ते ठरवण्याचा अधिकार पालकांचा आहे.

म्हणजे ‘ही माझी भाषा’ हे वाक्य बोलण्याचा हक्क सरकारचा नाही, समितीचाही नाही. तो मुलाच्या आईबापांचा आहे. शाळाप्रवेशाच्या अर्जावर मातृभाषेचा रकाना भरताना पालकांनी हे ध्यानात ठेवावे. आणि तेथे ‘मराठी’ लिहिणाऱ्या पालकाचे मूल ‘माय’ आणि ‘माइन’ यांत गोंधळणार नाही, याची हमी आम्हा मराठी शाळांच्या शिक्षकांनी द्यावी. ती देणे अवघड नाही, हे वर दाखवलेच आहे.